थर्मोस्टॅट कुठल्या भिंतीवर लावावा? अमेरिका-कॅनडातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

न्यू जर्सी असो, मिशिगन असो की ओंटारिओ, नोव्हेंबर लागला की मराठी घरांतल्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते : थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइट दाखवतोय आणि मुलांची खोली मात्र गारठलेली. मग कोणीतरी आकडा ७२ करतं, रात्री त्याचे ७४ होतात. हॉलमध्ये बसलेल्यांना स्वेटर काढावासा वाटतो, मुलांच्या खोलीत फारसा फरक पडत नाही, आणि गॅसचं बिल आलं की सगळे मिळून फर्नेसला, म्हणजे घराची हवा तापवणाऱ्या भट्टीला, नावं ठेवतात. फर्नेस बिचारी सांगितलेलं काम करत असते. तिला हुकूम देणारा चुकीच्या जागी बसलेला असतो.

थर्मोस्टॅटला घराचं तापमान कळत नाही. ज्या वीतभर भिंतीवर तो लावलाय तिथल्या हवेचं, आणि थोडंफार त्या भिंतीचं तापमान त्याला कळतं, बस्स. पुण्या-मुंबईच्या स्प्लिट एसीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे सेन्सर एसीच्या आतच, खोलीतली हवा ओढली जाते त्या तोंडाशी असतो. जी खोली गार करायची, तिथलीच हवा मोजली जाते. इथे बहुतेक घरांत एकच फर्नेस किंवा एकच हीट पंप (विजेवर घर गरम आणि गार करणारं यंत्र) डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळकांड्यांतून, सगळ्या खोल्यांना हवा पुरवतो, आणि अख्ख्या घराच्या वतीने बोलायला भिंतीवर एकच डबा.

या डब्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये (शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली विजेवर चालणाऱ्या रूम थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तोवर शाळेचा शिपाई वर्गावर्गात डोकावून तापमान बघायचा आणि तळघरात उतरून झडपा कमीजास्त करायचा. जॉन्सन यांच्या यंत्राने वर्गाची खबर घंटी वाजवून तळघरात पोचवली. म्हणजे मूळ कल्पना एका खोलीची खबर देण्याची होती. आपण त्याच यंत्राकडून सात-आठ खोल्यांचा कारभार करून घेतो, तेव्हा त्याला बसवायची जागा तरी विचारपूर्वक निवडायला हवी.

आधी भिंतीवर काय आहे ते ओळखा

थर्मोस्टॅटचं कव्हर काढण्याआधी ब्रेकर बंद करा आणि मग आतल्या तारा बघा. लाल, पांढरी, पिवळी, हिरवी, निळी अशा बारीक रंगीत तारा असतील तर तुमची सिस्टिम २४ व्होल्टची आहे. फर्नेस, सेंट्रल एसी, हीट पंप आणि बहुतेक बॉयलर यांच्यावर हीच पद्धत असते. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

तारा जाड असतील, दोन किंवा चारच असतील, तर तो बेसबोर्ड हीटरचा (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरचा) १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट असण्याची शक्यता दाट. त्याला हात लावायचा नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. आणि नेहमीचा २४ व्होल्टचा स्मार्ट थर्मोस्टॅट स्वस्तात मिळाला म्हणून तिथे जोडायचा तर अजिबातच नाही. तसंही अशा घरांत खोलीगणिक वेगळा थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे जागेचा घोळ त्या-त्या खोलीपुरताच राहतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी एवढंच : तिथे घरोघरी बॉयलर आणि रेडिएटर. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरला तापमानाप्रमाणे आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नसावा. असलाच तर तो पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर दोघांची रस्सीखेच सुरू होते. व्हॉल्व्ह खोलीला ऊब मिळाली म्हणून रेडिएटर बंद करतो, थर्मोस्टॅटचा आकडा कधी गाठलाच जात नाही, आणि बॉयलर बाकीच्या घरात जळतच राहतो.

मोजल्याशिवाय हलवू नका

बहुतेक जण इथेच घाई करतात. कोणीतरी सांगतं, ‘तुमचा थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये आहे ना, म्हणूनच,’ आणि शनिवारी ड्रिल बाहेर निघतं. त्याऐवजी तीन-चार साधे डिजिटल थर्मामीटर आणा. महागडे नकोत. पण आणल्याबरोबर खोल्याखोल्यांत वाटून टाकू नका. आधी सगळे एकाच टेबलावर शेजारीशेजारी तासभर ठेवा. स्वस्तातल्या यंत्रांमध्ये अर्ध्या-एक डिग्रीचा फरक असतोच. कोणता किती पुढे, कोणता किती मागे, ते त्याच्या पाठीवर टेप लावून लिहून ठेवा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

मग एक थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या अगदी बाजूला, त्याच उंचीवर, मास्किंग टेपने चिकटवा. भिंतीला पूर्ण टेकवू नका. मागे पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा घाला, म्हणजे भिंतीपेक्षा हवेचा आकडा मिळेल. दुसरा हॉलमध्ये, जिथे तुम्ही संध्याकाळी खरोखर बसता तिथे. तिसरा सर्वांत गार खोलीत, चौथा सर्वांत उबदार खोलीत. सगळे जमिनीपासून साधारण सारख्याच उंचीवर. एक पलंगाशेजारच्या टेबलावर आणि एक कपाटाच्या माथ्यावर अशी तुलना काही कामाची नाही, कारण एकाच खोलीत जमिनीलगत आणि छतालगत सहज काही डिग्रींचा फरक असतो.

आकडे पहाटे, दुपारी ऊन असताना आणि रात्री जेवणं आटोपल्यावर टिपा. त्यात एक ढगाळ थंड दिवस यायला हवा आणि एक लख्ख उन्हाचा. शक्य झालं तर फर्नेस चालू असतानाचा एक आकडा आणि बंद होऊन दहा मिनिटं झाल्यावरचा दुसरा, असे दोन्ही घ्या. आठवडाभरात चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

आकडे काय सांगतात

थर्मोस्टॅटचा आकडा आणि त्याच्या बाजूला चिकटवलेल्या थर्मामीटरचा आकडा कायमच सारख्याच फरकाने वेगळा असेल, तर प्रश्न जागेचा नाही, थर्मोस्टॅटच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे त्याच्या मापातच बसलेल्या चुकीचा आहे. बहुतेक डिजिटल मॉडेलच्या सेटिंगमध्ये तो फरक भरून काढायची सोय असते. पाच मिनिटांचं काम.

फरक कमीजास्त होत असेल, म्हणजे वारा सुटलेल्या रात्री तीन डिग्री आणि शांत दुपारी शून्य, तर थर्मोस्टॅटला मागून, भिंतीच्या आतून झुळूक लागते आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

दोन्ही आकडे जुळतात, पण हॉलशी जुळत नाहीत? मग जागा खरोखर चुकलेली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रकार. थर्मोस्टॅटजवळ ७०, हॉलमध्ये ७०, जेवणाच्या जागी ६९, आणि फक्त एका खोलीत ६३. इथे थर्मोस्टॅट हलवून काहीही साधणार नाही. त्या खोलीचा डक्ट लांब असेल, मध्येच कुठेतरी सुटला असेल, डॅम्पर (डक्टमधली झडप) अर्धवट बंद असेल, व्हेंटवर (हवा खोलीत येते त्या जाळीवर) पलंग सरकवला असेल, किंवा खोली गॅरेजच्या वर असेल आणि मधलं इन्सुलेशन कमी पडत असेल. दार बंद केल्यावर हवेला परतीची वाट उरत नसेल, हेही एक नेहमीचं कारण. हट्टाने थर्मोस्टॅट त्याच गार खोलीत नेऊन लावला, तर त्या खोलीत ७० होईपर्यंत फर्नेस जळत राहील आणि बाकीचं घर ७७ वर जाईल. असमतोल होता तिथेच राहतो, फक्त पैसे जास्त जातात. म्हणून ना सर्वांत गार खोली, ना सर्वांत उबदार. जी मधली आहे आणि जिथे माणसं वावरतात, ती खोली थर्मोस्टॅटची.

भिंत कशी असावी

घराच्या मध्याजवळची आतली भिंत. जिच्या पलीकडे अंगण, गॅरेज किंवा जिना उतरून तळघर नाही अशी. जमिनीपासून साधारण ५२ ते ६० इंच उंची. बहुतेक कारागीर ५ फुटांची खूण करून मोकळे होतात. घरात व्हीलचेअरवरचं कोणी असेल, किंवा आईवडील राहायला येणार असतील आणि त्यांना हात वर करायला त्रास होत असेल, तर ४८ इंचांवर लावा. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या सुगम्यता नियमांत हात पोचण्याची कमाल उंची तेवढीच धरलेली आहे. एवढ्या फरकाने मोजमाप बिघडत नाही.

त्या भिंतीसमोरून हवा हलकेच वाहती असावी. इथे व्हेंट आणि रिटर्न यांतला फरक कळायला हवा. व्हेंटमधून गरम किंवा गार हवा खोलीत येते. हे व्हेंट बहुधा बाहेरच्या भिंतींलगत, खिडक्यांखाली असतात. रिटर्नच्या मोठ्या जाळीतून खोलीतली हवा परत फर्नेसकडे ओढली जाते. ती बहुधा आतल्या भिंतीवर किंवा पॅसेजमध्ये असते. व्हेंटचा झोत थर्मोस्टॅटवर येता कामा नये, कारण मग फर्नेस सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांतच त्याला वाटतं काम झालं, आणि फर्नेस सारखी चालूबंद होत राहते. रिटर्नकडे जाणारी हवा मात्र खोलीभर फिरून, मिसळून आलेली असते, तिचा आकडा भरवशाचा. म्हणून रिटर्न ज्या खोलीत आहे, तिथली त्याच बाजूची भिंत ही माझी पहिली पसंती. अगदी जाळीच्या डोक्यावर नको, चार-सहा फूट बाजूला.

जिथे हवा कोंडून राहते त्या जागा बाद : दोन भिंतींचा कोपरा, उघडल्यावर दार ज्या भिंतीवर टेकतं ती जागा, पुस्तकांच्या कपाटामागे, जाड पडद्याआड. न्हाणीघराजवळची भिंतही नको, गरम शॉवरची वाफ बाहेर आली की आकडा उडी मारतो. मुख्य दारासमोर तर नकोच. जानेवारीत कुरियरवाल्यासाठी दार उघडलं की थर्मोस्टॅटला वाटणार हिमयुग आलं.

जी घरं हीट पंपवर चालतात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया या बाजूची पुष्कळशी, त्यांना ही शेवटची चूक जास्त महागात पडते. हवं तेवढं तापमान आणि प्रत्यक्ष तापमान यांतला फरक दोन-तीन डिग्रींच्या पुढे गेला की बरेच थर्मोस्टॅट मदतीला विजेची कॉइल पेटवतात. ती कॉइल हीट पंपाच्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. दारातून आलेल्या एका झुळुकीने ती विनाकारण पेटत असेल, तर बिल वाढण्यात नवल नाही.

आपल्या घरांतले खास शत्रू

थर्मोस्टॅटसोबत येणाऱ्या पुस्तिकेत दिवे, टीव्ही, फायरप्लेस आणि ओव्हन यांपासून दूर राहायला सांगितलेलं असतं. मराठी घरासाठी ती यादी अपुरी आहे.

पहिला देव्हारा. इथल्या घरांत देवांना जागा शोधताना जेवणघरालगतची आतली भिंत सोयीची वाटते, आणि नेमकी तीच बिल्डरने थर्मोस्टॅटसाठी निवडलेली असते. खाली देव्हारा, वर हातभर अंतरावर थर्मोस्टॅट, असं दृश्य मी कितीतरी घरांत पाहिलंय. संध्याकाळी समई लावली की ज्योतीवरची गरम हवा सरळ वर चढते. एकाच निरांजनानेही थर्मोस्टॅटचा आकडा हलतो. समई तासभर तेवत राहिली तर फर्नेस तेवढा वेळ गप्प बसते. घरात कोणीतरी म्हणतं, ‘संध्याकाळी का कोण जाणे, गारठाच वाढतो इथे.’ देवाला हलवायचं नसेल तर थर्मोस्टॅट हलवावा, किंवा पुढे सांगितलेला सेन्सर लावावा.

दुसरा गणपती. ऑगस्ट-सप्टेंबरात एसी चालू असतो. मखर भिंतीला टेकवून उभं केलं, वर फोकस आणि दिव्यांच्या माळा सोडल्या, आणि थर्मोस्टॅट मखरामागे झाकला गेला, की त्याला घर तापल्याचा भास होतो. एसी थांबतच नाही. आरतीला माणसं जमेपर्यंत बाकीचं घर गारेगार आणि मखरामागे मात्र ८०. एलईडी दिवे वापरले तर हा त्रास बराच कमी होतो, पण थर्मोस्टॅट झाकू नये हे उत्तम.

तिसरं स्वयंपाकघर. दिवाळीच्या आधी दोन दिवस फराळाचं तळण चालतं, रविवारी एका शेगडीवर कुकर आणि दुसरीवर पोळ्यांचा तवा. किचन आणि हॉल यांत भिंत नसलेली घरं आता सर्रास बांधतात, त्यामुळे किचनची उष्णता वाटेल तितकी पसरते. अशा घरात थर्मोस्टॅट किचनच्या विरुद्ध टोकाकडे, निदान चुलीच्या थेट समोर नाही अशा भिंतीवर हवा. आणि भिंतीची पाठ बघायला विसरू नका. पुढून स्वच्छ दिसणाऱ्या भिंतीच्या मागे फ्रिज, ओव्हन किंवा कपड्यांचा ड्रायर असू शकतो.

भिंतीच्या पोटात काय आहे

इथल्या घरांची आतली भिंत म्हणजे लाकडी स्टडच्या (उभ्या खांबांच्या) दोन्ही बाजूंना ठोकलेली ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या), मध्ये पोकळी. ती पोकळी बंद पेटी असते असं आपण धरून चालतो, पण तारा आणि पाइप नेण्यासाठी वर-खाली भोकं पाडलेली असतात. हिवाळ्यात गरम हवा घरात वर चढून ॲटिककडे (छपराखालच्या माळ्याकडे) निसटते आणि तिच्या जागी तळघराची गार हवा खालून ओढली जाते. या प्रवासाची एक वाट भिंतीच्या पोटातून जाते. थर्मोस्टॅटच्या मागे तारेसाठी पाडलेलं भोक गरजेपेक्षा मोठं असेल, तर ती हवा थेट त्याच्या पाठीवर येते.

हे तपासायला उदबत्तीसारखं साधन नाही. थंड, वारा सुटलेल्या दिवशी ब्रेकर बंद करा, थर्मोस्टॅट त्याच्या पट्टीवरून काढा आणि पेटती उदबत्ती भोकापासून दोन-तीन इंचांवर स्थिर धरा. सगळे पंखे बंद, श्वाससुद्धा बाजूला सोडा. धूर सरळ वर गेला तर ठीक. तुमच्या दिशेने ढकलला गेला तर भिंतीतून हवा येते आहे. भोकात ओढला गेला तर भिंतीतून कुठेतरी हवा निसटते आहे. नंतर ब्रेकर चालू करून, थर्मोस्टॅट परत बसवून फर्नेसचा पंखा फक्त ‘ऑन’वर ठेवा आणि थर्मोस्टॅटच्या कडेकडेने उदबत्ती पुन्हा फिरवा. पंखा चालू असतानाच धूर ओढला जात असेल, तर दोन स्टडमधल्या त्या पोकळीचाच रिटर्न डक्ट म्हणून वापर झालेला असू शकतो. जुन्या घरांत ही पद्धत सर्रास होती. स्मोक डिटेक्टरपासून लांब राहून हे करा, एवढी खबरदारी पुरे.

उपाय अगदी साधा. तारेभोवतीचं भोक पुट्टीने किंवा कॉकने (फटी बुजवायच्या लांबीने) नीट बंद करा. कापसाचा किंवा फायबरग्लासचा बोळा कोंबून भागत नाही. त्यातून हवा गाळून येते, पण येतेच. जागा अर्धवट वाईट असलेल्या बऱ्याच थर्मोस्टॅटचा आजार एवढ्याने बरा होतो. म्हणून हलवण्याच्या विचाराआधी हे करा.

नवी भिंत निवडली असेल तर तिच्या पोटात गरम पाण्याचा पाइप, चिमणी किंवा वरच्या मजल्याला जाणारा डक्ट नाही ना, हे पाहायला हवं. फर्नेस अर्धा तास चालल्यावर आणि कोणी अंघोळ करत असताना भिंतीवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. एखादा उभा पट्टा आजूबाजूपेक्षा दोन-तीन डिग्रींनी वेगळा दिसला तर तिथे काहीतरी दडलेलं आहे.

डिसेंबरचं ऊन

घरं बहुतेक वेळा उन्हाळ्यात विकत घेतली जातात, आणि उन्हाळ्यातलं ऊन फसवं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या साधारण ४०.५ अंश उत्तरेच्या गावात २१ जूनला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७३ अंशांवर असतो. छपराच्या कडेखालून खिडकीत जेमतेम येतो. २१ डिसेंबरला तोच सूर्य फक्त २६ अंशांवर. दक्षिणेकडच्या खिडकीतून शिरलेलं ऊन तेव्हा खोली ओलांडून समोरच्या भिंतीवर चढतं. मुंबईत डिसेंबरातही भरदुपारचा सूर्य ४७-४८ अंशांवर असतो, त्यामुळे हा अनुभव आपल्याला लहानपणापासूनचा नाही. जुलैत सावलीत असलेली भिंत जानेवारीत दुपारी दोन तास उन्हात न्हाऊन निघू शकते, आणि तेवढा वेळ थर्मोस्टॅट फर्नेसला सुट्टी देतो. नवी जागा उन्हाळ्यात ठरवत असाल तर फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारं एखादं ॲप उघडून डिसेंबरची तारीख टाका.

दोन मजल्यांचं घर, एकच थर्मोस्टॅट

इथे आदर्श जागा नसते, तडजोड असते. खाली लावला तर हिवाळा बरा जातो, उन्हाळ्यात वरच्या बेडरूम तापतात. वर लावला तर उलट. बिल्डर बहुधा खालीच लावतात आणि माझ्या मते तेच योग्य, फक्त जिन्याजवळची भिंत टाळा. उघडा जिना ही हवेची लिफ्ट आहे. गरम हवा तिथून वर जाते, गार हवा पायऱ्यांवरून खाली उतरते आणि तिथला आकडा कोणत्याच मजल्याचा नसतो. दुमजली उंचीच्या हॉलमध्येही तीच गत.

वरच्या मजल्याची तक्रार फार असेल तर खरा उपाय झोनिंग, म्हणजे डक्टमध्ये मोटारीचे डॅम्पर आणि प्रत्येक मजल्याला आपला थर्मोस्टॅट. खर्चिक आहे. त्याआधी बेसमेंटमधल्या डक्टवरच्या हाताने फिरवायच्या डॅम्परच्या मुठी शोधा. उन्हाळ्यात खालचे थोडे बंद, हिवाळ्यात वरचे थोडे बंद. कोणती मूठ कुठे हवी ते मार्करने डक्टवरच लिहून ठेवा. सगळे पूर्ण बंद करायचे नाहीत, फर्नेसला हवा कोंडल्याचा त्रास होतो.

हलवण्यापेक्षा सेन्सर

खोलीत ठेवायचे वायरलेस सेन्सर घेणारे थर्मोस्टॅट आता सहज मिळतात. टोरांटोच्या इकोबीपासून हनीवेल, नेस्टपर्यंत सगळ्या कंपन्यांकडे अशी मॉडेल आहेत. थर्मोस्टॅट त्याच वाईट भिंतीवर राहू द्यायचा आणि त्याला सांगायचं : दिवसा हॉलच्या सेन्सरचं ऐक, रात्री बेडरूमच्या. इकोबी निवडलेल्या सेन्सरची सरासरी काढू शकतो. काही मॉडेल एका वेळी एकाच सेन्सरकडे बघतात, ते विकत घेण्याआधी पाहा. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, तिथे तर हाच रस्ता. थर्मोस्टॅट बदलण्याआधी घरमालकाला विचारा आणि जुना जपून ठेवा.

सेन्सरलाही वरचे सगळे नियम लागू, हे लोक विसरतात. सेन्सर खिडकीच्या चौकटीवर, टीव्हीमागे किंवा मायक्रोवेव्हवर ठेवून ‘हा पण चुकीचं दाखवतो’ म्हणण्यात अर्थ नाही. आणि गार खोलीचा एकच सेन्सर कायमचा निवडला, तर थर्मोस्टॅट त्या खोलीत नेऊन लावल्यासारखंच झालं.

हलवायचाच असेल तर

निवडलेल्या जागी आधी थर्मामीटर टेपने चिकटवून चार-पाच दिवस राहू द्या. हॉलमधल्या आकड्याशी तो बहुतेक वेळ एका डिग्रीच्या आत जुळत असेल तरच पुढे जा. भिंतीला एक भोक पाडण्याआधीची ही शेवटची स्वस्त परीक्षा.

मग तारेची वाट शोधा. नवी जागा तळघराच्या वर असेल तर खालून भिंतीच्या तळपट्टीला भोक पाडून केबल वर ओढता येते. वरच्या मजल्यावर ॲटिकमधून खाली सोडता येते. स्टड शोधून त्याच्या बाजूची पोकळी धरा. जुनी तार जोड देऊन वाढवण्यापेक्षा फर्नेसच्या बोर्डापासून थर्मोस्टॅटपर्यंत एकच अखंड केबल टाकणं चांगलं. भिंतीत गाडलेला जोड पाच वर्षांनी बिघडला तर सापडत नाही. १८ गेजची, निदान पाच तारांची केबल घ्या. हीट पंप असेल तर आठ तारांची. एखाद-दोन तारा रिकाम्या राहिल्या तर बिघडत नाही, पण स्मार्ट थर्मोस्टॅटला वीज देणारी ‘सी’ तार कमी पडली तर सगळं पुन्हा उपसावं लागतं.

फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करा. जुन्या थर्मोस्टॅटवरून एकही तार सोडण्याआधी फोटो काढा, तसाच फर्नेसच्या बोर्डाचाही. तारेच्या रंगावर विसंबू नका. ती कोणत्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे ते महत्त्वाचं. ‘आर’ म्हणजे वीज, ‘डब्ल्यू’ हीटिंग, ‘वाय’ कूलिंग, ‘जी’ पंखा, ‘सी’ परतीची तार. पूर्वीच्या कारागिराने हाताला आली ती तार लावलेली असणं अगदी शक्य आहे. वीज चालू असताना ‘आर’ तार दुसरीला टेकली तर बोर्डावरचा तीन किंवा पाच अँपिअरचा छोटा फ्यूज उडतो. मोठं नुकसान नाही, पण रविवारी रात्री उणे दहात घर गार पडलं की तो छोटा फ्यूजही मोठा वाटतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तसाच मिळतो, एक जास्तीचा आणून ठेवा.

नव्या जागी तारेपुरतंच भोक पाडा, तार ओढल्यावर ते सील करा. मजल्यांमधून जिथून केबल गेली तिथली भोकं आगप्रतिबंधक कॉकने बंद करा, आगीला भिंतीतून वर चढायची वाट राहू नये म्हणून. पट्टी लेव्हलने सरळ लावा. डिजिटलला त्याने फरक पडत नाही, पण वाकडा थर्मोस्टॅट रोज नजरेला खुपतो.

चालू केल्यावर आधी हीटिंग, मग पंखा आणि बाहेर ६० फॅरनहाइटच्या वर असेल तरच कूलिंग तपासा. पुढचे दोन-तीन दिवस थर्मामीटर जागच्या जागी राहू द्या. आकडे जुळले की मग रोजचं वेळापत्रक लावा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची शिफारस हिवाळ्यात घरात जागे असताना ६८ फॅरनहाइटच्या आसपासची, म्हणजे साधारण २० सेल्सियसची आहे. रोज आठ तास ७ ते १० डिग्री खाली ठेवलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंग खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असंही तो विभाग सांगतो. हीट पंप असेल तर एवढा खाली उतरवू नका, सकाळी तापमान चढवताना विजेची कॉइल पेटते आणि बचत तिथेच जाते.

भिंतीवरून निघालेला थर्मोस्टॅट जुना, गोल, आत चकचकीत थेंब असलेला असेल तर तो थेंब पाऱ्याचा आहे. कचऱ्यात टाकू नका, हलवून-आपटून मुलांना दाखवूही नका. झिपलॉकच्या पिशवीत ठेवून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) घातक कचरा संकलन केंद्रात द्या. ज्या दुकानातून नवा आणला तिथे विचारलंत तर तेही पुष्कळदा जुना परत घेतात.